नऊ ते साडेनऊ

पावसाचं पाणी गाळणीतून उतरून आधी एका वाटीत पडतं. वाटी चहाच्या चमच्याएवढी. ती भरली की एका बाजूला कलंडते, रिकामी होते आणि तिच्या जोडीची दुसरी वाटी वर येते. कलंडताना वाटीला चिकटवलेला लोहचुंबक एका काचेच्या नळीसमोरून जातो, नळीतल्या दोन बारीक पात्या क्षणभर एकमेकींना टेकतात, आणि बोर्डाला कळतं की ०.२ मिलिमीटर पाऊस झाला. आवाज होतो तो नखाने टिचकी मारल्याएवढा. ग्लेनिस पेंगिलीने हे यंत्र बसवलेल्या खांबाजवळ उभं राहून हा आवाज सहा वेळा ऐकला, वहीत सहा रेघा ओढल्या आणि घरात येऊन लॅपटॉपवर पाहिलं. तिथे अकरा हा आकडा होता.

बोर्ड म्हणजे छोट्या संगणकाची काड्यापेटीएवढी एक पट्टी, एका टोकाला वायफायचा नागमोडी ॲंटेना छापलेली. असे बोर्ड ग्लेनिस टपालाने पाच-पाचच्या पाकिटात मागवायची. एक बोर्ड टाकीतल्या पाण्याची पातळी सांगत होता, एक दिवस मावळताना कोंबड्यांच्या खुराड्याचं दार लावत होता, एक फाटक उघडं राहिलं की स्वयंपाकघरात शिट्टी वाजवत होता. पावसाचा हा चौथा, आणि ज्याच्यावर काही अवलंबून होतं असा एकटा हाच.

त्याच्यापासून दोन मीटरवर आजोबांनी १९०९ साली रोवलेला तांब्याचा पर्जन्यमापक होता. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणून आकडा वाचायचा आणि त्या तारखेसमोर लिहायचा. आजोबांनंतर वडिलांनी हे केलं, वडिलांनंतर मर्विनने. वहीत एकही दिवस कोरा नव्हता. वडिलांचा दफनविधी अकराला ठेवला होता, तो नऊचा आकडा घेऊन निघता यावं म्हणून.

मर्विन हा ग्लेनिसचा थोरला भाऊ. बहात्तर वर्षांचा, लग्न न केलेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार त्याला डायलिसिसच्या यंत्राला जोडून पाच तास खुर्चीत बसावं लागे, आणि जवळात जवळचं यंत्र एकशे दहा किलोमीटरवरच्या गावात होतं. सकाळच्या पाळीला जायचं तर पहाटेच निघावं लागलं असतं. नऊच्या आकड्यासाठी मर्विनने दुपारची पाळी घेतली होती. त्यामुळे हिवाळ्यात परतताना दिवस मावळलेला असे, आणि त्याच वेळी कांगारू रस्त्यावर येत. गाडी ग्लेनिस चालवायची. ती चौसष्टची होती.

ॲडलेड शहरात रुग्णालयापासून पायी दहा मिनिटांवर अशा रुग्णांसाठी लहान घरं होती. मारिसेल नावाच्या नर्सने दोघांचं नाव यादीत घालून ठेवलं होतं. मर्विनचं म्हणणं एवढंच, की मग पाऊस कोण मोजणार. त्यांची जमीन कसणारा कॉलिन चौदा किलोमीटरवर राहायचा. मर्विन पहिल्यांदा रुग्णालयात होता तेव्हा आठवडाभर हे काम कॉलिनवर सोपवलं होतं. त्याने न वाकता, उभ्या उभ्याच माप वाचलं, आणि मर्विनच्या मते वहीतला तो आठवडा म्हणजे पावसाची नाही, कॉलिनच्या उंचीची नोंद होती.

ग्लेनिस म्हणाली होती की बोर्ड मोजेल. मर्विनने ते उडवून लावलं नाही, त्याने अट घातली. बोर्डाचा आकडा आणि वहीतला आकडा सलग तीस पावसाचे दिवस जुळायला हवेत. कोरडे दिवस धरायचे नाहीत, कारण शून्य तर कुंपणाचा खांबही मोजतो. फरक मापावरच्या एका रेघेचा, म्हणजे ०.२ मिलिमीटरचा चालेल, दोन रेघांचा नाही. चुकलं की पुन्हा एकपासून. जुळलं तर शहरात जायचं. त्या भागात वर्षाकाठी साठ-सत्तर दिवस पाऊस पडतो. अट घातली त्याला चौदा महिने होऊन गेले होते.

ग्लेनिस शहरातल्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होती. दोष निघाला म्हणून ती चिडत नसे. वहीत तीन रकाने आखायचे: काय वाटतं, काय केलं, काय दिसलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सुरुवातीला लॅपटॉपला बोर्ड दिसतच नव्हता. दोन दिवसांनी कळलं की जुन्या फोनची ती वायर फक्त वीज नेते, माहिती नेणाऱ्या तारा तिच्यात नाहीतच. मग खांबावर नेल्यावर बोर्ड दर तासाला बंद पडून नव्याने सुरू होऊ लागला. वायफाय चालू होण्याच्या क्षणी तो एकदम बरीच वीज ओढतो, आणि बॅटरीपासूनची तार बारीक आणि लांब होती. तिने तार आखूड केली आणि बोर्डाच्या पायांशी एक जाडा कपॅसिटर जोडला, म्हणजे त्या क्षणापुरती वीज जवळच साठलेली राहील. पुढचा दोष झोपेचा. बॅटरी टिकावी म्हणून बोर्डाला मधल्या वेळात झोपवायचं, तर झोपेत तो तोवरचं मोजलेलं विसरून जाई. आकडा स्मृतीच्या ज्या कोपऱ्यात झोपेतही वीज पोचते तिथे हलवावा लागला.

सहाचे अकरा झाले ते यानंतर. पात्या टेकताना एकदाच टेकत नाहीत, किंचित थरथरतात, आणि बोर्ड ती थरथरही मोजत होता. एकदा टेकल्यावर पाव सेकंद कशाकडे लक्ष देऊ नकोस, असं तिने प्रोग्राममध्ये लिहिलं. दुसऱ्या पावसात सहाचे सहा आले.

एप्रिलच्या शेवटापासून आकडे जुळू लागले. मर्विन नाश्त्याच्या वेळी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचा आणि मोठ्याने गणती सांगायचा. जुलैत गणती एकोणीसवर आली. तेव्हापासून तो ती हळू आवाजात सांगू लागला.

मग एका रविवारी वहीत २.४ आले आणि बोर्डाचे ३.८.

"सात रेघा, प्रोफेसरबाई," मर्विन म्हणाला. "एवढ्या फरकात मेंढी बुडेल."

"नाही बुडणार."

"लहान मेंढी."

सोमवारी उलट झालं. वहीत ६.० आणि बोर्डाचे ४.६. मर्विन म्हणाला की बिचारा काल जास्त झाल्यासारखा बडबडला, आज ओशाळून कमी बोलतोय. टोस्टवर लोणी लावता लावता त्याने गणतीचे सगळे आकडे खोडले आणि खाली शून्य लिहिलं. तो बराच खुशीत दिसत होता.

ग्लेनिसने दोन दिवसांची बेरीज केली. वहीची ८.४ आणि बोर्डाचीही ८.४. पाणी हरवलं नव्हतं, फक्त दिवस बदलून बसलं होतं. रविवारी मर्विन माप घेऊन परतला आणि दाराशी बूट पुसत होता तेव्हा एक सर आली होती, ती तिला आठवली. नऊ वाजून पाच-दहा मिनिटं झाली असतील. मर्विनच्या हिशेबी ती सर सोमवारची होती. बोर्डाने ती रविवारात घातली होती.

त्यानंतर शोधायला फारसं काही उरलं नव्हतं. बोर्ड इंटरनेटवरून जगाची प्रमाणवेळ घेतो, आणि आपल्या गावाचा फरक आपण प्रोग्राममध्ये त्यात मिळवायचा असतो. दक्षिण ऑस्ट्रेलिया साडेनऊ तास पुढे आहे. तिने तो फरक ठेवायला जी जागा केली होती ती पूर्णांकाची. तशा जागेत साडेनऊ ठेवले की नऊ उरतात. अर्धा गळून पडतो आणि बोर्ड तक्रारही करत नाही. बोर्डाचे नऊ घरातल्या साडेनऊला वाजत होते. सिडनीत किंवा पर्थमध्ये राहणाऱ्याच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यांची घड्याळं पुऱ्या तासांवर चालतात. एकोणीस पावसाच्या दिवसांत नऊ ते साडेनऊ या वेळात एकदाही पाऊस आला नव्हता, म्हणून चूक दिसली नव्हती.

तिने तासांची मिनिटं केली, पाचशे सत्तर. बोर्ड आत आणून, वायर लावून, प्रोग्राम चढवून पुन्हा खांबावर बसवायला अकरा मिनिटं लागली. वाटीच्या प्रत्येक कलंडण्याची वेळ लॅपटॉपवर साठलेली होती. ती नव्याने मोजली की रविवार आणि सोमवार, दोन्ही जुळत होते. म्हणजे गणती शून्य नव्हती, एकवीस होती. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं, दोष सापडला, दूर केला, आणि तारीख घातली.

मर्विन व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. "सापडलं का काही?" त्याने विचारलं.

"नाही अजून," ग्लेनिस म्हणाली.

एकतीस वर्षांत तिने एकदाही खोटा आकडा लिहिला नव्हता. आताही लिहिला नव्हता. फक्त तिच्या दोन शब्दांमुळे गणती एकपासून सुरू होणार होती, म्हणजे निदान पाच महिने.

शहरातलं ते घर तिने एकदा पाहिलं होतं. दोन खोल्या, खिडकीतून गाड्या लावायची जागा. स्वच्छ होतं, हवा खेळती होती. तिथे टाकी नव्हती, फाटक नव्हतं, कोंबड्या नव्हत्या. मोजण्यासारखं काही नव्हतं. आई गेल्यावर आठ वर्षांपूर्वी ती इथे परतली आणि मागच्या व्हरांड्यात तिने स्वतःचं टेबल मांडलं, तेव्हा पुन्हा शहरात राहायचं नाही असं तिने मनाशी धरलं होतं. ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. मर्विन वहीसाठी अडून बसलाय असंच सगळे धरून चालले होते. तीही तसंच म्हणत आली होती.

पुढच्या बुधवारी मारिसेलचा फोन आला. एक तारखेपासून शहरातल्या केंद्रात खुर्ची रिकामी होते आहे, घरही. शुक्रवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला जाईल. ग्लेनिसने आभार मानले. मर्विन तेव्हा बाहेर कोंबड्यांपाशी होता. तो आत आल्यावर त्याने फोन कोणाचा होता ते विचारलं नाही.

गुरुवारी परतताना पाऊस भुरभुरत होता. यंत्रावरून उठल्यावर मर्विन नेहमी गाडीत झोपायचा, तसा झोपला होता. ग्लेनिसला जाग आली ती चाकाखाली खडी वाजल्यामुळे. आपल्याला जाग आली, म्हणजे आपण झोपलो होतो, हे कळायला तिला आणखी एक क्षण लागला. तिने गाडी रस्त्यावर घेतली आणि वेग कमी केला. मर्विन हलला नाही. आधीचा पांढरा खुणेचा खांब तिला आठवत होता आणि पुढचा मागे पडला होता, त्यावरून तिने धरलं की दोन सेकंद गेले असावेत. ताशी शंभरच्या वेगाने पंचावन्न मीटर. घरी पोचेपर्यंत तिने हा हिशेब आणखी दोनदा केला. उत्तर तेच आलं.

रात्रभर पाऊस पडला. शुक्रवारी सकाळी वहीत ५.२ होते आणि बोर्डाचेही ५.२. मर्विनने डॉक्टरांनी ठरवून दिलेला अर्धा कप चहा समोर घेतला आणि दोन्ही आकडे लिहिले.

"तीन," तो म्हणाला. "सत्तावीस राहिले."

ग्लेनिस म्हणाली की दोष सापडला होता. त्या सोमवारीच. अर्ध्या तासाची गोष्ट तिने त्याला सांगितली, साडेनऊचे नऊ कसे झाले ते, आणि नव्याने मोजलं की रविवार-सोमवार दोन्ही जुळतात हेही.

"बेरीज मीही केली होती," ती थांबल्यावर तो म्हणाला. "आठ पूर्णांक चार, दोन्हीकडे. शाळेत मलाही गणित होतं, प्रोफेसरबाई."

"मग बोलला का नाहीस?"

"तू नाही बोललीस." त्याने कप बशीवर फिरवला. "मला वाटलं, हिला जायचं नाहीये. आणि मला तर नव्हतंच. मग उगाच कशाला तोंड उघडा?"

ती उठून खिडकीपाशी गेली आणि परत येऊन बसली.

"काल मी झोपले, मर्व. गाडी चालवताना."

मर्विनने पेन वहीवर ठेवलं. कुठे, त्याने विचारलं. तिने जागा सांगितली, वळणाच्या अलीकडची, नाल्याच्या पुलाजवळची. किती वेळ, त्याने विचारलं. तिने सेकंद सांगितले आणि मीटर सांगितले. मग मारिसेलचा फोन सांगितला, बुधवारचा, आणि आज दुपारपर्यंतची मुदत. बाहेर छपराच्या कडेवरून पाणी गळत होतं आणि दोघांपैकी कोणी तिकडे पाहत नव्हतं.

"अट तीसची होती," मर्विन अखेर म्हणाला, पण वाद घालायच्या आवाजात नाही.

"चोवीस झालेत. बाकीचे सहा दिवस बोर्ड इथे एकटा मोजेल आणि तू तिथून वहीत लिहिशील." तिने फोन स्वतःकडे ओढला, पण उचलण्याआधी त्याच्याकडे पाहिलं. "आपण जायचं, मर्व. एक तारखेला."