आज काय केलं वं?

“ताई, तिचं गाणं मोबाइलमधी भरू नका,” भगवंत म्हणाला होता. “भरलं का आटते.”

मैथिली हसली होती. कडेवर अवनी, हातात मोबाइल आणि समोर झेंडूच्या टोपलीवर ओलं फडकं झाकत बसलेला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला हा म्हातारा. विहीर आटते, गाय आटते. गाणं कसं आटेल? एम.एस्सी. झालेल्या बाईनं असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नसतं, असं तिला वाटलं. एरवी ती सगळ्याच गोष्टी मनाला लावून घ्यायची. गॅसचं बटण झोपण्याआधी तीनदा पाहायची. अवनी झोपेत जरा वेगळा श्वास घ्यायला लागली की उठून तिच्या छातीवर हात ठेवायची. नवरा उद्धव बाहेर निघाला की पोचल्याचा फोन येईपर्यंत तिचं अन्न घशाखाली उतरत नसे. फक्त हा एक इशारा तिनं हसण्यावारी नेला.

भगवंत आणि त्याची बायको माणिकबाई वलगावचे. घरची थोडी फुलशेती. रोज सकाळी ऑटोनं अमरावतीत यायचे आणि मैथिलीच्या गल्लीच्या तोंडाशी, दत्ताच्या देवळाबाजूच्या लिंबाखाली पोतं अंथरून बसायचे. भगवंत फुलं निवडायचा, माणिकबाई केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात हार गुंफायची. तिचं बोटांकडे लक्ष नसे. फुलं घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती विचारी, “काय वं, काल काय झालं?”

वर्षभर हे विचारणं नुसतं गप्पांपुरतं असे. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मात्र त्याचं गाणं होई. त्या महिन्यात गल्लीतल्या पोरी संध्याकाळी भुलाबाई मांडायच्या. मातीची भुलाबाई, मातीचे भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. जुनी गाणी सगळ्यांना येत. पण ती संपली की पोरी माणिकबाईकडे वळत, आणि ती दिवसभरात हार करता करता जुळवलेलं नवं गाणं म्हणे. त्यात गल्लीच असे. वकिलीणबाई चारुशीला एकदा अर्ध्या स्वयंपाकात अडकल्या, तर त्या संध्याकाळी:

चारुशीलाचा गॅस संपला, वरण राह्यलं कच्चं गं बाई,
भुलोजी बसले पाटावरती, ताट पाहे वाट गं बाई.

चारुशीलाताई हसून हसून पायरीवरच बसल्या होत्या. “माणिकबाई, तुमच्यापासून काही लपून राहत नाही बघा.”

“लपवाचं असन तं फुलं दुसरीकून घेत जा,” माणिकबाई म्हणाली होती.

गाणं एकदाच म्हटलं जाई. दुसऱ्या दिवशी दुसरं. कालचं कोणी मागितलं तर माणिकबाई हात झटकायची, “कालचे फुलं आज वाह्यता काय देवाले?”

मैथिलीनं एकदा विचारलंच होतं, “मावशी, तुम्हाला काय मिळतं हो यातून? सातच्या ऑटोत उभ्यानं जाता घरी, पाय सुजतात तुमचे.”

माणिकबाईनं दातानं सोपट तोडलं. “हार ईकला का तो देवाचा होते, माय. घेणाऱ्याचा होते. गाणं तेवढं माह्यं राह्यते.”

“पण तेही तर तुम्ही ठेवत नाही.”

“ठेवाले काहून पायजे? केलं ना.”

हे ‘केलं ना’ मैथिलीला पटलं नाही. हातातून काही निसटून जाईल ही तिची कायमची भीती. अवनीच्या पहिल्या जावळाची बट, पहिला मोजा, पहिला ताप कोणत्या तारखेला आला ते, सगळं तिच्याकडे जपलेलं होतं. मग एवढी सुंदर गाणी रोज हवेत विरू द्यायची? तिनं त्या वर्षी अकरा संध्याकाळी मोबाइल धरला. भगवंत तसं म्हणाला तो याच दिवसांत. तिनं अकराही गाणी गल्लीच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी अंगठ्याची चित्रं टाकली, कोणी फुलांची.

पुढच्या भादव्यात समोरच्या घरची खुशी स्पीकर घेऊन आली. बारा वर्षांची पोर, तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

“आजी, मागच्या साली तुमी म्हटलं होतं ना, गॅसवालं, तेच लावतो. ते आमाले पाठ आहे. त्याच्यावर नाचताबी येते.”

“आज एक केलं होतं मी,” माणिकबाई म्हणाली.

“ते उद्या म्हणा ना मंग.”

स्पीकरमधून माणिकबाईचाच आवाज निघाला, होता त्याहून मोठा. पोरी फेर धरून नाचल्या. माणिकबाई पायरीवर बसून टाळ्या देत होती, स्वतःच्याच गाण्याला. मैथिलीची नजर तशी सगळीकडे असते, तिला दिसलं: माणिकबाईचे ओठ हलत होते, पण त्यावर स्पीकरमधले शब्द नव्हते. ती दुसरंच काही म्हणत होती, आतल्या आत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मैथिली उठून स्पीकर बंद करणार होती. तेवढ्यात अवनीला ठसका लागला आणि ती पाणी आणायला धावली. परत आली तर गाणं संपलं होतं. दोन्ही गाणी.

दुसऱ्या दिवशीही खुशीनं तेच लावलं. तिसऱ्या दिवशी माणिकबाई म्हणाली, गळा बसला. त्यानंतर ती संध्याकाळची थांबेनाशी झाली. मैथिलीला वाटलं, बरंच झालं, पायांना आराम पडेल. कोजागिरीच्या सकाळी ती हार घ्यायला गेली, तेव्हा माणिकबाईनं मान वर न करता हार दिला. “काल काय झालं” हे तिनं विचारलं नाही. भगवंत फुलांवर पाणी शिंपडत होता.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “सांगतलं होतं.”

एवढंच. त्यात राग नव्हता. त्यामुळे ते मैथिलीच्या मनात जास्त रुतून बसलं.

पौषात भगवंत गेला. दोन दिवसांचा ताप, आणि गेला. लिंबाखालचं पोतं उठलं. माणिकबाईचा मुलगा मनोज अकोल्याला डाळ मिलमध्ये कामाला. तो येऊन आईला घेऊन गेला. जाताना ती गल्लीत भेटायलाही आली नाही.

या वर्षी भादव्याची पुनव जवळ आली तशी अवनीनं विचारलं, “माणिकआजी कुठे आहे?” अवनी आता सहा वर्षांची. मैथिलीनं चारुशीलाताईंकडून मनोजचा नंबर मिळवला. फोन त्याच्या बायकोनं, दीपमालानं घेतला. सासूला ती मामीजी म्हणायची.

“बऱ्या आहेत ना मामीजी. जेवतात येळेवर. काही कटकट नाही त्याईची. टीव्हीपुढं बसून राह्यतात. बोलत नाहीत, बस.”

‘काही कटकट नाही’ हेच मैथिलीला खटकलं. अवनी वर्षाची असताना न्युमोनिया झाला होता, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं तिला आठवलं. रडणाऱ्या लेकराची नका करू एवढी काळजी. जे गुमान पडून राहतं, त्याला आधी घेऊन या.

शनिवारी पहाटेच ती बाजारात जाऊन आली. दोन किलो झेंडू, किलोभर शेवंती, केळीच्या सोपटाची जुडी.

“अकोल्याला फुलं घेऊन?” उद्धव म्हणाला. “तिथं फुलं मिळत नाहीत का?”

“मिळतात. पण तिच्या हातात कोणी देत नसेल.”

मग तो अवनीला सांभाळतो म्हणाला, आणि पिशवी बसपर्यंत आणून दिली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मैथिली पिशवीचं तोंड दर थोड्या वेळानं उघडून बघत होती, फुलांना वारा लागतोय ना म्हणून.

मनोजचं घर तिसऱ्या मजल्यावर. दीपमालानं दार उघडलं, पाणी दिलं, खुर्चीवरचे कपडे उचलले. माणिकबाई पलंगाच्या कडेला बसली होती. लुगडं स्वच्छ, केस विंचरलेले. समोर टीव्ही चालू होता, आवाज बंद होता. भिंतीवर भगवंतचा फोटो, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार.

“मावशी, मी मैथिली. अवनीची आई.”

“वळखते ना,” माणिकबाई म्हणाली. “वाळून गेली वं तू.”

आणि पुन्हा टीव्हीकडे बघू लागली. मैथिली येताना ठरवून ठेवलेलं सगळं विसरली. काही सुचेना, तसा तिनं मोबाइल काढला आणि गॅसचं गाणं लावलं. वाटलं, ऐकून हसेल.

माणिकबाईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग तिनं बोटानं मोबाइल जरा दूर सारला, गरम भांडं सारावं तसा.

“हे होऊन गेलं, माय. शिळ्या भाकरीनं पोट भरते. पण घरात चूल पेटल्यावानी नाही वाटत.”

“काकांनी मला सांगितलं होतं,” मैथिली म्हणाली. “भरू नका म्हणाले होते. मी हसले. माझ्यामुळे तुमचं...”

“त्याईले काय समजे गाण्यातलं?” माणिकबाईनं फोटोकडे पाहिलं. “एक ओळ पाठ नोती त्याईले. सूर तं असा का बैल हुसकून जाईन.” ती जराशी हसली आणि थांबली. “पण ऑटोत बसलं का रोज इचारे, आज काय केलं वं? चाळीस साल. गाणं पुरं नसलं तं म्हणे, अर्धंच सांग.” तिनं लुगड्याचा पदर मांडीवर सरळ केला. “पोरींनी ते यंतर लावलं तरी मी करतच होती. तो इचारे म्हून. आता कोण इचारते? इथं सगळे चांगले हायेत. जेवली का, इचारतात. गोयी घेतली का, इचारतात.”

स्वयंपाकघरात दीपमालाच्या हातातलं भांडं थांबलं.

मैथिलीनं उठून पिशवी माणिकबाईसमोर पलंगावर पालथी केली. झेंडूचा ओला, तुरट वास खोलीभर पसरला. माणिकबाईनं एक फूल उचललं, उलटं करून देठ पाहिला. “महाग पडलं असन. बासी हाय अर्धं,” म्हणाली, आणि सोपट भिजवायला वाटीत पाणी मागितलं.

बोटं पहिल्यांदा अडखळली. दोन गाठी सुटल्या. तिसरी बसली. हार वीतभर झाला तेव्हा मान खाली ठेवूनच तिनं विचारलं, “काय वं, काल काय झालं?”

मैथिलीनं सांगितलं. अवनीचा पहिला दात पडला. उंदरानं न्यावा म्हणून तिनं तो गव्हाच्या कोठीमागे ठेवला, आणि उंदीर खरंच येईल म्हणून आपण कोठीपाशी तीनदा उठून गेलो. उद्धव म्हणाला, उंदरापेक्षा तूच जास्त फिरतेस. माणिकबाईचे खांदे हलले. मग बराच वेळ नुसतं गुणगुणणं. हार मांडीवरून खाली उतरत गेला. आणि मग ती म्हणाली, बारीक, जरा फाटलेल्या आवाजात. उंदीर आला, दात पाहिला, मले हा बारका होते म्हणून परत गेला, असं काही होतं. भुलाबाईनं अवनीला चकली दिली आणि अवनीनं ती भुलोजीकडून चाववून घेतली. आणि मध्येच:

माय उठे तीन येळा, हात ठेवी काळजावर,
देवाले म्हणे, झोप जरा, मी हाय ना पहाऱ्यावर.

मैथिलीचा हात मोबाइलकडे गेला. तिनं तो मांडीखाली दाबून धरला. दीपमाला दारात येऊन उभी होती, पिठाच्या हातांनी. गाणं संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही.

एवढा लांब हार कोणत्या देवाला घालायचा? माणिकबाईनं फोटोकडे एकदा पाहिलं, पण त्या प्लास्टिकच्या हाराला हात लावला नाही. बाहेर जाऊन तिनं तो दाराच्या चौकटीला तोरणासारखा बांधला. “परवालोक सुकन,” म्हणाली.

“मंग?” दीपमालानं विचारलं.

“मंग दुसरा.”

“मी आणत जाईन फुलं,” दीपमाला म्हणाली. “पण मामीजी, मले गाण्यातलं काही कळत नाही हां.”

“नाही कळलं तरी चालते,” माणिकबाई म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मैथिलीनं गाणं आठवायचा प्रयत्न केला. मूर्तिजापूरपर्यंत पहाऱ्याच्या दोन ओळी उरल्या, बाकी गेलं. घरी अवनी वाट बघत होती. “आजीनं माझ्यावर केलं? म्हण ना.” मैथिलीनं त्या दोन ओळी म्हटल्या आणि पुढचं स्वतःच जुळवलं. उंदराला चष्मा लावला, यमक कुठंतरी सोडून दिलं. अवनी लक्ष देऊन ऐकत होती.

“हे आजीचं नाहीये,” ती शेवटी म्हणाली. “तू केलंस.”

त्या रात्री मैथिलीनं गॅस दोनदाच पाहिला.

महिन्यातला एक शनिवार ती अकोल्याला जाते. त्याहून जास्त जमत नाही, लेकरू लहान आहे. आणि मधले दिवस तिला खातात. दीपमालाला बाजारात जायला झालं नसेल तर? सगळे पुन्हा फक्त गोळीचंच विचारत असतील तर? म्हणून अकोल्याला निघालेल्या प्रत्येकाला ती सांगते. तुम्हीही कधी त्या बाजूला गेलात, तर डाळ मिलच्या मागची पिवळी इमारत आहे, तिसरा मजला चढून जा. दारावरचं तोरण ताजं असेल तर बेल न वाजवता खाली उतरलात तरी चालेल. सुकलेलं असेल तर मात्र बेल वाजवा. आत पलंगाच्या कडेला एक बाई बसलेली असेल. तिला जेवलात का विचारू नका. आज काय केलं, एवढं विचारा. आणि अर्धंच असलं तरी ऐकून या.