पुठ्ठ्याचं वादळ

दर रविवारी डॉमिनोच्या टेबलावर रेनेरिओ आपली वादळाची गोष्ट सांगायचा, आणि दर सोमवारी सकाळी सेनाइदाबाईंना ती वर्गात निस्तरावी लागायची.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची, पण होयो मांसो गावात ती शिळी व्हायचं नाव घेत नव्हती. मोठं वादळ आलं तेव्हा त्याचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, नेमका या गावावरून गेला. सकाळी नऊच्या सुमारास वारा एकाएकी थांबला, लख्ख ऊन पडलं, आणि रेनेरिओ बायकापोरांना खोपीत ठेवून दोन शेतं पळत तंबाखूघराकडे गेला. आत वर्षाची मेहनत गठ्ठे बांधून ठेवलेली. तो गठ्ठे ओढतोय तोवर वारा उलट्या बाजूने परतला आणि अख्खं तंबाखूघर त्याच्यावर बसलं. पाय दोन ठिकाणी मोडला. तरी गडी गठ्ठे छातीशी धरून बाहेर आला. सुरुवातीला गठ्ठे तीन होते. गेल्या रविवारपर्यंत त्यांचे अकरा झाले होते.

"वादळाच्या डोळ्यात डोळा घालून आलोय," असं म्हणून तो शेवटची सोंगटी टेबलावर आपटायचा, आणि आजूबाजूला उभी असलेली पोरं आ वासून बघत राहायची.

आता अशा गोष्टीपुढे शाळेच्या पुस्तकाचं काय चालणार? पाचवीच्या पुस्तकात सरळ लिहिलं होतं की डोळा पुढे सरकला की वारा विरुद्ध दिशेने वाहू लागतो, म्हणून घराबाहेर पडू नये. वर्गातल्या अकराही पोरांनी परीक्षेत हे वाक्य बिनचूक लिहिलं, पैकीच्या पैकी गुण घेतले, आणि मधल्या सुट्टीत अंगणात जाऊन 'रेनेरिओ रेनेरिओ' खेळायला लागली. निम्म्यांनी तोंडाने वारा घोंगावायचा, ओस्निएलने हात वर केला की एकदम चूप व्हायचं, आणि मग सगळ्यांनी फाटकाकडे धूम ठोकायची. जो पहिला पोचेल तो रेनेरिओ.

बाई हे खिडकीतून बघत राहायच्या. एकतीस वर्षं शिकवत होत्या. पोरं अपूर्णांक विसरली तर विसरोत, त्यांना त्याचं फारसं काही नव्हतं. पण वादळांचा पुढचा मोसम जूनमध्ये लागणार होता, आणि कधीतरी पुन्हा वारा थांबेल, ऊन पडेल आणि यातलं एखादं पोर दार उघडून बाहेर धावेल, या विचाराने त्यांना भर दुपारी घाम फुटायचा. पोरांनी तेवढा वेळ घरात बसून राहावं, बस्स. त्यांना बाकी काही नको होतं.

मे महिन्यात त्यांनी पुस्तक कपाटात टाकलं आणि कात्र्या काढल्या.

जमिनीवर खाकी कागद जोडून सगळ्या गावाचा नकाशा काढला. शाळा, ओढा, तंबाखूघरं, कुणाची डुकरं कुठे बांधलेली असतात तेसुद्धा. मग प्रत्येकाने ताटाएवढी पुठ्ठ्याची चकती कापली, मधे पेल्याएवढं भोक पाडलं, वरून सावरीचा कापूस गोल गोल चिकटवला आणि कडेने लाल पेन्सिलीने वाऱ्याचे बाण काढले. झालं वादळ. ते दक्षिणेकडून नकाशावर ठेवायचं आणि हळूहळू उत्तरेकडे ढकलत न्यायचं. आपल्या घरावर काय काय येतं ते बघायचं.

"सांग बघू," बाई ओस्निएलला म्हणाल्या.

"आधी पूर्वेचा बाण लागला."

"पुढे ढकल."

"आता भोक आलं. माझं घर दिसतंय. आजीच्या कोंबड्या दिसतायत."

"म्हणजे बरं चाललंय. अजून ढकल."

त्याने ढकललं आणि हात थांबवला. पश्चिमेचा बाण थेट घराच्या मागच्या भिंतीवर आला होता.

"बाई, हा मागनं आला."

"मग मी वर्षभर काय ओरडत होते?"

"तुम्ही सांगत होता, पण हा खरंच आला की."

बाईंना हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. चकती परत दक्षिणेला ठेवली आणि म्हणाल्या, "पुन्हा."

पुढच्या आठवड्यात घरं. बुटांची खोकी, काड्यापेट्या, ताडाच्या झावळ्या, जे हाताला लागेल ते. मक्याच्या सालीच्या बाहुल्या म्हणजे घरातली माणसं. शनिवारी आईबापांसमोर नकाशावर घरं मांडायची, बाईंचा घरचा पंखा पूर्वेकडून लावायचा, मग बंद करायचा आणि उचलून पश्चिमेकडून लावायचा. ज्याची माणसं शेवटपर्यंत घरात राहिली तो जिंकला. घर राहिलं की गेलं याला गुण नाहीत. आपण मधे पंखा बंद करणार आहोत हे बाईंनी पोरांना सांगितलं, पण त्या वेळी काय करायचं ते मुद्दाम सांगितलं नाही.

रेनेरिओच्या लेकीने, युनाइसीने, मात्र खोकं घेतलंच नाही. ही पोर म्हणजे मूठभर अंगाची आणि बैलाएवढ्या हट्टाची. तिने गावाकडची जुनी बुटकी खोपी बांधायला घेतली, जिचं छप्पर दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकलेलं असतं आणि जिच्यात एक खिळा नसतो, सगळं सालीच्या दोरीने आवळलेलं. तिच्या घरच्यांनी ते वादळ अशाच खोपीत काढलं होतं. चार दिवस जीभ बाहेर काढून ती गाठी मारत होती. मग तिने आई, धाकटा भाऊ आणि स्वतःला आत बसवलं आणि टोपीवाली बाहुली दाराबाहेर उभी केली.

"तुझा बाप बाहेर का?" बाईंनी विचारलं.

"तो डोळ्यात जाणार ना, बाई."

"आणि मग?"

"मग पाय मोडणार. पण गठ्ठे आणणार."

हे सांगताना पोरीचा चेहरा असा उजळला की बाईंची जीभ रेटेना. तुझ्या बापाने मूर्खपणा केला, हे अकरा वर्षांच्या लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं? "वारा दोन्ही बाजूंनी लागणार आहे, तेवढं बघ," एवढंच त्या म्हणाल्या आणि घरी जाऊन स्वतःवरच चिडल्या. युनाइसी त्या दिवसापासून शाळा सुटल्यावरही नकाशापाशी रेंगाळू लागली. चकती घ्यायची, ढकलायची, परत आणायची. बाईंना वाटलं, चाळा आहे.

शनिवारी दहाला वर्ग गच्च भरला. आयांनी पेरूच्या वड्या आणल्या होत्या, बापांनी सिगार खिशात ठेवले होते. पहिल्या बाकावर पाय लांब करून रेनेरिओ.

"बाई, खऱ्या वादळातल्या माणसाला चार शब्द बोलायला बोलवायचं होतंत की," तो म्हणाला.

"बोलावलं असतं. पण तुमची गोष्ट दर आठवड्याला वेगळी. मी कुठली फळ्यावर लिहू?"

बाकं हसली. तोही हसला, माणूस तसा दिलदार होता.

बाईंनी पंखा लावला. त्याची जाळी केव्हाच गेली होती, पण वारा मजबूत होता. दोन खोकी लगेच कलंडली. ओस्निएलचं छप्पर उडालं ते थेट त्याच्या आजीच्या मांडीवर, आणि आजी म्हणाली की खरं छप्परसुद्धा असंच गेलं होतं, फक्त मांडीवर आलं नाही. पोरं ओणवी होऊन आपापल्या घरांना जपत होती. बाईंनी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले आणि बटणाकडे हात नेला.

हात पोचायच्या आधीच पंखा मंदावला. शेजारच्या घरातला रेडिओ गप्प झाला. पाती दोनदा फिरून थांबली.

"गेली," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

होयो मांसोत लाईट जाण्याइतकी ओळखीची गोष्ट दुसरी नव्हती. लोक कुरकुरत उठले. आज आपली पाळी नव्हती, असं एक म्हणाला. कालपण नव्हती, असं दुसरा म्हणाला. कार्यक्रम संपला असं धरून आया ताटं पुढे करू लागल्या, सिगार बाहेर आले, आणि पोरांनी टाळ्या पिटत आपापल्या बाहुल्या घरांतून उचलायला सुरुवात केली. सगळ्यात आधी ओस्निएलने. मिनिटभरात अकरापैकी दहा घरं रिकामी.

बाई जागच्या जागी थिजल्या. डोळ्यातली इतकी चोख शांतता त्यांना स्वतःला जमली नसती, आणि सगळं गाव, थोरामोठ्यांसकट, वादळ संपलं असं धरून त्या शांततेत गप्पा मारत मोकळं झालं होतं. त्या ओरडणार, तेवढ्यात त्यांना युनाइसी दिसली.

ती मांडी घालून नकाशावरच बसली होती. दोन्ही तळवे खोपीच्या दारापुढे आडवे धरलेले.

रेनेरिओ लंगडत तिच्याकडे गेला आणि मोठ्याने म्हणाला, "चला, आता माझी वेळ झाली. कुठाय मी?" त्याने वाकून तिच्या तळव्यांवरून दारात बोटं घातली. "हे काय, मी आत काय करतोय?"

"पपा, हात मागे घे."

"अगं, पंखा बंद पडला. संपलं."

"बाईंनी सांगितलं नाही संपलं म्हणून."

"लाईट गेलीय, पोरी."

"त्या दिवशीपण वाराच गेला होता."

मागून कुणीतरी हाळी दिली, "जा की रेनेरिओ, डोळा आलाय. अकरा गठ्ठे घेऊन ये." हशा पिकला. रेनेरिओ या वेळी हसला नाही. तो गुडघा सांभाळत लेकीसमोर खाली बसला.

"तू तर मला बाहेर ठेवणार होतीस ना? घरी सांगत होतीस."

"ठेवलं होतं," युनाइसी म्हणाली. तिचे तळवे हलले नाहीत. "मग मी चकती ढकलून पाहिली. खूप वेळा. हळू ढकलली, जोरात ढकलली. तू बाहेर असलास की तुला पश्चिमेचा बाण लागतोच. म्हणून आज पंखा लावायच्या आधी मी तुला आत घेतलं."

रेनेरिओने टोपी काढली आणि हातात फिरवली.

"त्या दिवशी मला वाटलं होतं की संपलं," तो म्हणाला. लेकीशीच बोलत होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "डोळा आपल्यावरून जातोय हे मला ठाऊकच नव्हतं. रेडिओ मेला होता. ऊन पडलं, पाखरं ओरडायला लागली. वाटलं, गेलं वादळ. ठाऊक असतं तर मी पाऊल टाकलं नसतं. घाबरून तुझ्याशेजारी बसलो असतो."

युनाइसीने यावर विचार केला.

"मग गठ्ठे?"

"एक होता. तोही भिजला."

डॉमिनोवाले जमिनीकडे बघत होते, कारण ती गोष्ट त्यांनीही सहा वर्षं पोरांपुढे वाढवली होती. बाईंना या माणसाचा राग यायचा, वर्षानुवर्षं यायचा. आता त्याच्याकडे बघताना तो राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. पोरीकडे बघितलं तर डोळे भरून येतील म्हणून त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"बाई," रेनेरिओ उठत म्हणाला, "पश्चिम कुठली?"

बाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं.

कोपऱ्यात उरलेल्या सामानात ताडाच्या वाळक्या विऱ्या, झावळीच्या बुडाच्या रुंद साली, पडल्या होत्या, ज्यांत तंबाखूचे गठ्ठे शिवतात त्या. त्यातली सर्वांत रुंद त्याने उचलली, खिडकीखाली जाऊन धड गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी वारा घालायला लागला.

"ज्यांनी माणसं बाहेर काढली," बाई कडक आवाजात म्हणाल्या, "त्यांनी ती घरांबाहेर नकाशावर ठेवा. घरात घालायची नाहीत."

पोरांनी गुपचूप ठेवली, उठलेले आईबाप परत बाकांवर बसले. पुढच्याच झोताला सगळी उडाली. सालीच्या आया, बाप, आज्या, सगळी पोरांसकट बाकांखाली सरपटत गेली. ओस्निएलचं अख्खं कुटुंब दाराबाहेर गेलं. तो तिथे जाऊन उभा राहिला. "हे मला कुणी लहानपणी दाखवलं असतं," त्याची आजी म्हणाली आणि तिने झग्याला हात पुसले.

रेनेरिओ हातचं राखून काही करत नव्हता. शर्ट पाठीला चिकटला, कपाळाची शीर फुगली. खोपीच्या झावळ्या एकेक करून निघाल्या, काड्यांचा सांगाडा वाकला, पुन्हा उभा राहिला. एक गाठ सुटली नाही. सांगाड्यातून आतली चौघं स्पष्ट दिसत होती, एकमेकांना चिकटून बसलेली. युनाइसीने हात केव्हाच काढून मांडीवर ठेवले होते. तिला आता धरून ठेवायची गरज नव्हती, आणि हे तिला कळलंय, हे बाईंना दिसत होतं. एकतीस वर्षांत त्यांना कुठल्या पोराचा इतका अभिमान वाटला नव्हता. त्यात त्या बापाचाही वाटा होता, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

"अजून?" धापा टाकत रेनेरिओने लेकीला विचारलं.

"बाईंना विचार."

सगळ्या वर्गाने बाईंकडे मान वळवली. आया, डॉमिनोवाले, दारातला ओस्निएल. कुणीही जागचं हललं नव्हतं, कुणी दाराकडे बघतसुद्धा नव्हतं.

"संपलं का, बाई?" रेनेरिओ म्हणाला.

"अजून नाही," सेनाइदाबाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली आणि विरी पुन्हा उचलली. बाकं भरलेली होती आणि सगळे बसून राहिले.