बाईसाहेबांचा डावा डोळा

बाइंडरने चिमट्याचं टोक सापाच्या डाव्या डोळ्याच्या कडेला लावलं आणि श्वास रोखून धरला. उजव्या डोळ्यावर अडकलेली जुनी कात नुकतीच कांद्याच्या पापुद्र्यासारखी अलगद निघून आली होती. ओला टिपकागद ठेवायचा, थांबायचं, मग उचलायचं. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला घट्ट चिकटलेला जुना कागद न फाडता सोडवणं हा तर त्याच्या हातचा मळ. डाव्या डोळ्यावरची कात मात्र अजून पुरती भिजली नव्हती. बोटांना ते कळलं होतं. तरी त्याने ओढलं.

साप झटक्यात आखडला. कातीबरोबर आणखी काहीतरी निघून आलं होतं.

साप लेकीचा होता. इंद्रधनुषी बोआ, मादी, बिनविषारी, मनगटाएवढी जाड. एरवी तपकिरी, पण उजेडात हलली की अंगावरून निळा, हिरवा, जांभळा असा रंग सरकायचा, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. नोकरीसाठी परगावी जाताना लेक तिला बापाच्या गळ्यात घालून गेली, आणि निघायच्या दिवशी तर अगदी खरोखरच.

"बाबा, हिला ओल लागते. शेवाळ कायम ओलं ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचं. आणि पेटी हॉलमध्येच राहू दे हं."

सुरुवातीला तो पेटीपासून चार हात लांबच असायचा. 'बाईसाहेब' हे नाव त्यानेच चिडून ठेवलं, कारण त्यांच्या जेवणाचे उंदीर फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी येऊन बसले होते आणि बायको उठताबसता त्याचा उद्धार करत होती. मग कधीतरी शिलाई घालता घालता तो उठून हॉलमध्ये डोकवायला लागला. शेवटी त्याने पेटीच उचलून कामाच्या खोलीत आणली. आईला भीती वाटते, असं लेकीला फोनवर सांगून टाकलं. बायको कसली भितेय! त्यालाच सोबत हवी होती.

त्या खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र दिवसभर घुमत असायचं. ओल म्हणजे बाइंडरची सात जन्मांची वैरीण. कागद फुगतो, बुरशी धरते, डिंक सुटतो. खोलीत पाण्याचा पेला न्यायला सक्त मनाई होती. तो स्वतःसुद्धा चहा उंबऱ्याबाहेर उभा राहून प्यायचा. त्यामुळे पेटीतल्या शेवाळावर पांढरा ठिपका दिसला तशी ती बुरशीच, असं त्याने ठरवून टाकलं. त्याने सगळं शेवाळ काढून फेकलं, तळाशी कोरा टिपकागद बेतून अंथरला, कोपरे झकास कापले. फवारणंही बेताचंच ठेवलं. इतक्या ओलीत कुणी जगतं का? आपण बाईसाहेबांची मोठीच सोय केली, अशा समाधानात तो राहिला.

पुढची कात सुटलीच नाही. चिंध्या होऊन अंगाला चिकटून राहिली, दोन्ही डोळ्यांवरसुद्धा.

"उजवा वाचलाय," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डावा गेला. ओढलंत ना?"

"हो."

"थोडं थांबायला हवं होतं. पण ही मुळात इतकी कोरडी पडली कशी?"

बाइंडर चष्मा काढून पुसत राहिला.

पेटी पुन्हा हॉलमध्ये गेली, ओलं शेवाळ आलं. बाईसाहेब खायलाही लागल्या. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की तो फोन उजव्या बाजूने धरायचा.

"काय तुकतुकीत दिसतेय! बाबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा छान ठेवलंय हिला."

त्या रात्री तो अर्ध्या ताटावरून उठला.

"अहो, सांगून टाका पोरीला," बायको म्हणाली. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"सांगतो."

"सांगतो सांगतो म्हणता, आणि ती येऊन दारात उभी राहील."

तसंच झालं. लेकीला साप ठेवता येईल अशी खोली मिळाली होती आणि ती बाईसाहेबांना न्यायला आली. बाइंडर कामाच्या खोलीत जाऊन बसला. समोर उसवलेलं पुस्तक होतं, सुईत दोरा ओवलेला होता, पण त्याने एकही टाका घातला नाही. हॉलमधून पेटीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. मग लेकीचं लाडाचं बोलणं. मग ते बोलणं थांबलं.

ती येऊन दारात उभी राहिली. लहानपणापासून ती या खोलीच्या दारातच थांबायची.

"बाबा, तिचा डोळा..."

"माझ्या हातानं गेला." त्याने मान वर केली नाही. "शेवाळ मी काढलं. पेटी इथं मी आणली, या यंत्राच्या शेजारी. आई भिते म्हटलं ते खोटं होतं. आणि कात भिजली नव्हती, मला कळत होतं, तरी ओढली."

लेकीचे डोळे भरून आले. बाइंडर वाट बघत होता. ती काय म्हणेल ते त्याला पाठ होतं, कारण ते त्याचंच वाक्य होतं. सात वर्षांची असताना, बाबांना तहान लागली असेल म्हणून ती दोन्ही हातांनी पेला धरून या खोलीत आली होती. पाणी गिऱ्हाइकाच्या पुस्तकावर सांडलं. मला माहीत नव्हतं, असं ती रडत म्हणाली, तेव्हा तो ओरडला होता, "माहीत नव्हतं म्हणून कागद सुकत नाही!" त्यानंतर तिने त्याला कधी पाणी आणून दिलं नाही. त्याच्याही ते आजवर लक्षात आलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा," लेक म्हणाली.

"तू सांगितलं होतंस."

"हो. पण तुम्हाला माहीत नव्हतं."

बाइंडर उठला. तिच्या बाजूने वाट काढत स्वयंपाकघरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पेला होता. तो त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

"आत ये. प्रवासातून आलीस, पाणीसुद्धा विचारलं नाही तुला."

ती बिचकत आत आली, स्टुलाच्या कडेवर टेकली. दोन घोट प्यायली आणि उरलेलं पाणी कुठे ठेवावं ते न कळून पेला छातीशी धरून बसली.

त्याने उसवलेलं पुस्तक थोडं बाजूला सरकवलं.

"ठेव," तो म्हणाला. "टेबलावर ठेव."