सोमारी नावाचा बेडूक

धानाच्या रोवण्याचे दिवस. बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, खालच्या बांधीत गोकुळा आणि सोमारी एकाच पेंडीतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या. वीस वर्षांची जोडी. सोमारी जन्माची तोतरी, एका शब्दाला चारदा दम घ्यायची. तेवढी वाट पाहायला गोकुळाला सवड नसे. सोमारीनं "पा... पा..." म्हटलं, की "पाणी पाह्यजे इले" म्हणून ही मोकळी.

बोडीच्या पाळीवर, बांधावर, बेडकांचा अभ्यास करणारी नागपूरची नूतनबाई त्यांचे आवाज टिपायला टेप घेऊन तासन् तास बसायची. बोडीत आपोआप उगवणाऱ्या देवधानात अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक होता. टक्... टक्टक्... टक्. पुस्तकात याची धड माहिती नाही, म्हणाली. बाकीच्या बोड्या खोदून खोल केल्या, देवधान गेलं, तसा हाही गेला. मग विचारलं, याला इथे म्हणतात काय?

बेडकाला कोण नाव ठेवतो? सोमारी पेंडी आणायला लांब गेलेली पाहून गोकुळा म्हणाली, "याले सोमारी म्हणतेत, बाई."

बाया कंबर धरून हसल्या. नूतनबाईनं लिहून घेतलं.

दुसऱ्या साली रोवण्यातच नूतनबाई त्या बेडकावरचा छापील कागद घेऊन आली. सगळ्यांना पाळीवर बोलावून कौतुकानं वाचलं, "स्थानिक नाव सोमारी. अडखळत ओरडतो."

कोणी हसलं नाही. एकेक बाई खाली पाहू लागली. सोमारीच्या हातातली पेंडी चिखलात पडली. आता ही दुसऱ्याच्या बांधीत जाणार, पुन्हा आपल्या जोडीला उभी राहणार नाही, हे गोकुळाला दिसलं.

"खोटं हाये थे नाव," ती म्हणाली. मान वर होईना. "मीनंच ठेवलं. इच्या बोलन्यावरून."

नूतनबाईचा चेहरा उतरला. तिनं खोडायला पेन काढला, तशी सोमारीनं तिचा हात धरला.

"रा... रा..."

राग आला इले, हे गोकुळाच्या जिभेवर आलंच होतं. तिनं ते गिळलं. बोडीत बेडूक बोलला, थांबला, पुन्हा बोलला.

"राहू दे," सोमारी म्हणाली. "बा... बाईनं त्याचं पु... पुरतं आयकलं. माह्यं कोनं आयकलं?"

एवढं म्हणायला तिला खूप वेळ लागला. तेवढ्यात गोकुळाची अर्धी पेंडी रोवून झाली असती. तिनं एक काडी रोवली नाही.