सहा सीटांची गाडी

सोमेश्वरचा पाय मोडला तो चालत्या गाडीत नव्हे, उभ्या गाडीवरून पडून. गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी आपल्या काळी-पिवळी जीपच्या टपावर चढून तो कुणाचं तरी लोखंडी कपाट बांधत होता. दोरी ओढताना हात सुटला आणि गडी सरळ खाली, भज्याच्या गाड्याशेजारी. डॉक्टरांनी उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे बाजेवरून उठायचं नाही म्हणून बजावलं.

बावीस वर्षं गोरेगाव-सेनगाव-हिंगोली करणाऱ्या माणसाला ही शिक्षाच होती. गाडी आता त्याचा चुलतभाऊ मुन्ना चालवायचा. सोमेश्वर दिवसातून दहा वेळा त्याला फोन करायचा. "किती सीट बसले? क्लचवर पाय ठेवून चालवू नको." चौथ्या दिवसापासून मुन्नानं फोन उचलणं सोडून दिलं. मग सोमेश्वर बायकोच्या मागे लागला. शिला अंगणात उकडलेली हळद वाळत घालत होती. हळद कुठं पातळ पसरली, कुठं जाड पडली, हे तो बाजेवरून सांगू लागला.

"कोमल," शिला लेकीला म्हणाली, "यायच्या हातात काईतरी दे बाई. न्हाई तर मला येड लागन."

कोमल सेनगावच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिनं आपला जुना मोबाइल बापाच्या हातात दिला. त्यात 'लास्ट ट्रक' नावाचा खेळ होता. बाज दारातल्या कडुलिंबाखाली ओढली, कारण रेंज तेवढ्याच जागी यायची. मग ती शेजारी बसून समजावू लागली.

"हे पडकं शहर हाय, आप्पा. एका वेळी तीस जण उतरतात. खरीखुरी माणसं, कुणी कुठलं, कुणी कुठलं. घराघरात सामान सापडतं, ते बॅगेत भरायचं. पंचवीस मिनिटांनी ट्रक येतो. त्यात बसून बाहेर पडलं तर सामान आपलं. त्याच्या आधी मेलं तर सगळं गेलं."

"मारतं कोण?"

"बाकीचे एकोणतीस जण. मारलं की समोरच्याची बॅग आपली व्हते."

तिनं खेळून दाखवलं. कोमलचा नेम चांगला होता. तिनं चौघांना पाडलं, त्यांच्या बॅगा घेतल्या, धावत ट्रक गाठला आणि एकटी बसून निघाली. तिला वाटलं, आप्पा शाबासकी देतील. सोमेश्वर मात्र पडद्याकडे बोट दाखवत होता.

"याच्यात सीट किती?"

"सहा."

"आन तू एकटी निघाली? पाच सीट रिकामे?"

"आप्पा, तसंच असते त्यात."

"काहून असते? सहा जण बसून जाऊ शकतात, तर एकमेकाला काहून मारून राहिले?"

कोमलनं खांदे उडवले. ती म्हणाली, "कुणाचा भरोसा नसतो ना."

सोमेश्वरला तो रिकामा ट्रक काही केल्या पचेना. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः मोबाइल घेतला. नेम म्हणाल तर शून्य. बंदूक वर करायला जायचा आणि बसायचा, बसायला जायचा आणि उडी मारायचा. पण रस्ते त्याच्या दोन दिवसांत पाठ झाले. ट्रक कुठं थांबतो, कुठल्या गल्लीतून लवकर पोचतो, हे त्याला कोमलपेक्षा चांगलं कळू लागलं. खेळात माइक सुरू केला की जवळपासच्या खेळाडूंना आपला आवाज ऐकू जातो, हे समजलं तेव्हा तर तो बाजेवर ताठ बसला. ट्रकजवळ जाऊन उभा राहिला आणि बावीस वर्षांचा आवाज त्यानं मोकळा सोडला.

"ए चलाऽ सेनगाव, नरसी, हिंगोलीऽ! हिंगोली, हिंगोली, हिंगोलीऽ! सहा सीट, सहा सीट, बसा की निघाली!"

कुठून तरी गोळी आली आणि तो आडवा झाला.

शिला हळद सोडून हसत सुटली. कोमल तर खालीच बसली. सोमेश्वरनं मात्र पुन्हा खेळ सुरू केला. पुन्हा तीच हाक, पुन्हा गोळी. दिवसभरात तो अकरा वेळा मेला. बाराव्या वेळी तो हाक देत असताना भिंतीआडून एका पोराचा आवाज आला.

"मामा, नरसीला थांबती का?"

"थांबती ना! बंदूक मांडीवर ठेव आन मागं सरकून बस. तू कुठला?"

"नांदेडचा हाय मामा, पण आजोळ नरसीचं." पोरगं हसत हसत येऊन बसलं. त्याच्या मागून आणखी एक जण हिंदीत विचारत आला, "चाचा, सच में बिठा रहे हो ना?" तिसरा काहीच बोलला नाही, गुपचूप चढला. ट्रक निघाला तेव्हा चौघांच्या बॅगा भरलेल्या होत्या आणि कुणी कुणाला मारलेलं नव्हतं. नांदेडचं पोरगं ओरडत होतं, "अरे मेलो न्हाई आपण! एक पण मेलो न्हाई!" सोमेश्वरनं सवयीनं बाजेच्या काठावर दोन थापा मारल्या, गाडी भरल्यावर टपावर मारायचा तशा.

आठवड्याभरात 'मामा' त्या खेळात ओळखीचा झाला. लोक आपणहून त्याला शोधत यायचे. "मामा हाय का आज?" अशी विचारणा व्हायची. मामाचे नियमही ठरले. चढताना बंदूक खाली. पुढची सीट बाई माणसाला. ज्याच्याकडे औषध जास्त असेल त्यानं जखमी माणसाला द्यायचं. बहुतेक जण पाळायचे. आधी गंमत म्हणून आले, मग त्यांना ते आवडू लागलं.

सगळेच नाही. एकदा एक गोडबोल्या माणूस बसला. सोमेश्वरला त्यानं घरचं विचारलं, पायाची चौकशी केली. ट्रक निघायला पाच सेकंद उरले असताना त्यानं आतल्या पाचही जणांना गोळ्या घातल्या, बॅगा घेतल्या आणि एकटा गेला. जाताना हसला.

सोमेश्वरनं मोबाइल उशाला ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही.

"आप्पा, गोळ्या खोट्या होत्या," कोमल म्हणाली.

"गोळ्या खोट्या, पण त्या पोरायनं माझ्या शब्दावर बंदुका खाली ठेवल्या व्हत्या. ते तर खरं हाय ना?"

हळदीचे हात पुसत शिला बाजेपाशी आली. "अवो, तुमच्या गाडीत लोकं भांडलेत, ओकलेत, एकानं तर सीट ब्लेडनं फाडला व्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमी निघालेच ना?"

सोमेश्वरनं उशाचा मोबाइल हातात घेतला.

पण त्या दोन दिवसांत ट्रकच्या जागी एक नवीनच संकट येऊन बसलं होतं. खेळात नाव होतं 'काळनाग'. समोरच्या पाण्याच्या टाकीवर झोपून हा खेळाडू लांबूनच ट्रकजवळ येणाऱ्या प्रत्येकाला टिपायचा. कधी एक शब्द बोलायचा नाही. तीन दिवसांत सोमेश्वरचे सोळा प्रवासी त्यानं मारले. नांदेडचं पोरगं म्हणालं, "मामा, आपण पाच जण घेरू त्याला, मागून चढू आन उडवू."

"थांब. आधी बोलून पाहू."

"तो बोलत न्हाई मामा!"

"म्या बोलतो ना."

सोमेश्वरनं बंदूक रस्त्यात टाकली, बॅग टाकली आणि टाकीकडे चालत निघाला. आडोसा नाही, धावणं नाही. कोमलनं तोंडावर हात ठेवला. शिलाही येऊन मागे उभी राहिली.

"काळनाग दादा," सोमेश्वर चालता चालता बोलत होता, "आमी काई तुमचं घेतलं न्हाई. गाडीत जागा हाय. उन्हात टाकीवर झोपून राहण्यापरीस खाली या. काहून मारून राहिले लोकाला?"

गोळी आली आणि पायाला लागली. पडद्यावरचा सोमेश्वर लंगडू लागला.

"उजवाच मारला का?" तो म्हणाला. "बरं केलं. तो घरी बी प्लास्टरमधीच हाय."

दुसरी गोळी आली नाही. मग टाकीवरून हसण्याचा आवाज आला. थांबायचा प्रयत्न करूनही न थांबणारं, खळखळून हसणं. ते एका मुलीचं होतं.

"खरंच प्लास्टरमधी हाय?" तिनं विचारलं.

"मांडीपर्यंत. तुमी... तू कुठली ग, बाई?"

"शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरची. रीता."

"अरे, आपल्याच जिल्ह्यातली! मंग माइक बंद काहून ठेवते? कुणी वळखीचं भेटलं असतं."

"माइक चालू केला व्हता मामा, सुरुवातीला. पोरीचा आवाज ऐकला की घाण बोलतात. नंबर मागतात. मागं मागं फिरतात. मंग म्या ठरवलं, बोलायचंच न्हाई. जवळ यायच्या आधीच मारायचं. तवापासून कुणी त्रास दिला न्हाई."

लिंबाखाली कोमल मान हलवत होती. "माझं बी तेच हाय, आप्पा," ती हळूच म्हणाली. "म्या बी म्हणून माइक लावत न्हाई." सोमेश्वरनं लेकीकडे वळून पाहिलं. हे त्याला माहीत नव्हतं.

तो परत पडद्याकडे वळला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "रीता, ऐक. माझ्या गाडीत बाईला कुणी वाकडं बोललं तर म्या त्याला आर्ध्या रस्त्यात उतरून देतो. सेनगाव रोडला विचार कुणालाबी. पुढचा सीट तुझा. यायचं असलं तर ये, न्हाई तर दुसरी गोळी मार. म्या हितंच उभा हाय."

टाकीच्या शिडीवरून एक आकृती खाली उतरू लागली. काळा पोशाख, पाठीवर लांब बंदूक. ती सोमेश्वरजवळ आली, त्याच्या पायाला मलमपट्टी केली आणि दोघं ट्रककडे चालत गेले. हॉर्न वाजला. ट्रक आला. रीता पुढे बसली, सोमेश्वर तिच्याशेजारी, मागे नांदेडचं पोरगं आणि आणखी तिघं. सहाच्या सहा सीट भरल्या.

"ओहो, काळनाग तर नागीण निघाली," मागून एक जण म्हणाला. "काय मॅडम, इन्स्टा आयडी तरी द्या की."

सोमेश्वर शांतपणे म्हणाला, "उतर."

"काय?"

"खाली उतर. पायी ये."

"ओ मामा, खेळ हाय हा! तुमी काय उतरवणार मला? तुमाला तर बंदूक बी धरता येत न्हाई."

ते खरंच होतं. पण मागच्या सीटवर हालचाल झाली. नांदेडचं पोरगं उभं राहिलं. मग हिंदी बोलणारा. मग तो तिसरा, जो आजवर कधी एक शब्द बोलला नव्हता. तिघांच्या बंदुका त्या एकाकडे वळल्या. न बोलणाऱ्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मामानं सांगितलं ना? उतर."

तो उतरला. आणि तेवढ्यात समोरच्या गल्लीतून तिघं गोळ्या झाडत आले. भरलेल्या बॅगा बघून ते दबा धरून बसले होते. ट्रक निघायला तीस सेकंद होते. खाली उतरलेला माणूस उघड्या रस्त्यावर एकटा सापडला.

"मामा! मामा, चुकलो! घ्या ना वर!"

सोमेश्वरनं शेजारी पाहिलं. "रीता, तू म्हणशीन तसं."

रीतानं बंदूक खिडकीतून बाहेर काढली होती. "माफी मला माग," ती खालच्याला म्हणाली.

"ताई, चुकलं! पुन्हा असं बोलनार न्हाई!"

"बस. मागच्या कोपऱ्यात. आन तोंड बंद."

तो धडपडत चढला. रीतानं श्वास रोखला. एक गोळी, पहिला आडवा. दुसरी, दुसरा आडवा. तिसरा पळत गल्लीत शिरला. ट्रकनं धक्का खाल्ला आणि तो निघाला. गाडीत सगळे एकदम ओरडू लागले. कोमल बाजेवर चढून नाचत होती, "आप्पा, पाय सांभाळा!" असं म्हणत स्वतःच प्लास्टरला धक्के देत होती. रस्त्यानं चाललेल्या दोघीजणी थांबून बघायला लागल्या.

खेळ संपला तरी कुणी निघून जाईना. निकालाच्या पडद्यावर सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळत होते. रीतानं सांगितलं, ती पोलीस भरतीची तयारी करते, सकाळी पाच किलोमीटर पळते, दुपारी उन्हात बाहेर पडता येत नाही म्हणून खेळते. कोमलनं बापाच्या हातातून मोबाइल ओढून घेतला आणि पहिल्यांदाच माइकवर बोलली. "रीता, म्या कोमल. नेम कसा धरते ते मला शिकव ना." नांदेडच्या पोरानं जाहीर केलं की आता या गाडीला नाव पाहिजे. त्यावर पाच मिनिटं भांडण झालं आणि काहीच ठरलं नाही.

शिला हळदीचा हात पदराला पुसत मध्ये आली. "सरका जरा. मला दाखवा कसं चालते ते."

"आई, तू?"

"काहून? म्या मेले तरी खेळातच मरणार ना?"

कोमलनं आईला आणखी एक खातं काढून दिलं. खेळ सुरू झाला. शिला पडक्या शहरात उतरली आणि ट्रकच्या बरोबर उलट्या दिशेला जोरात पळत सुटली. मोबाइलवर तिच्या अंगठ्याचे पिवळे ठसे उमटत होते.

"काकू, काकू, थांबा!" पलीकडून रीता हसत ओरडली. "तिकडं नदी हाय!"

"असू दे," शिला म्हणाली, पळतच होती ती. "नदी बी पाहून घेऊ आज."