सोळा मिनिटांचं गाठोडं

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला घड्याळ म्हटलेलं मुळीच खपत नाही. किती वाजले ते भिंतीवरच्या कोणालाही विचारा. काम सुरू झालं तेव्हापासून ते संपेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच मी सांगतो. पण सेकंदाचीही लबाडी न करता सांगतो! निदान गेल्या हंगामापर्यंत मला तसा भलताच माज होता.

माझं अंग पोलादाचं, तबकडी पांढरी, आणि डोक्यावर एक गोल बटण. अमरावतीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही बारा भावंडं एका पेटीत राहायचो. कामाला किती वेळ लागतो ते शिकायला पोरं लाकडी फळीच्या भोकांत खुंट्या बसवायची आणि आम्ही त्यांचा वेळ धरायचो. "हा नग चुकत नाही," असं सर मला उचलून म्हणायचे, तेव्हा मी फुगून दुप्पट व्हायचो. मग मोबाइल आले. ज्याच्या त्याच्या खिशात वेळ मोजायचं यंत्र आलं आणि आमची पेटी कपाटाच्या खालच्या खणात गेली. तिथं किती वर्षं गेली ते मला सांगता येत नाही. मला सुरूच कोणी केलं नाही, तर मी मोजणार कसा?

भंगारात निघालो त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या अश्विनने मला सरांकडून मागून घेतलं. अश्विन भातकुलीचा, शांत, जरा घाबरट. पुढं त्याला अकोल्याच्या एका ऑफिसात नोकरी लागली. कारखान्यात जाऊन कोण किती वेळात किती काम करतं, वेळ कुठं वाया जातो, किती माणसं पुरतील, हे मोजून मालकाला अहवाल द्यायचा, असं ते काम. पहिलंच काम मिळालं ते दर्यापुरातल्या वामनरावांच्या जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. तिथं आगीच्या भीतीनं माचिस आणि मोबाइल फाटकावरच ठेवून घेतात. म्हणून अश्विनने मला पुसलं, चाबी भरली आणि खिशात टाकलं. माझा आनंद काय सांगू!

कापूस यंत्रात जाण्याआधी त्यातली कवडी म्हणजे किडका-पिवळा कापूस, पाला, गोणीचे दोरे हाताने वेचून काढावे लागतात. त्यासाठी तिथं सव्वीस बाया होत्या. दिवसाला चाळीस क्विंटल कापूस निवडायचा. मोठ्या ढिगाभोवती सगळ्या बसायच्या, त्यामुळे कोणाचा हात किती चालतो ते कोणालाच कळायचं नाही.

"चाळीस क्विंटलले सव्वीस बाया कायले लागते?" वामनराव म्हणाले. "अर्ध्या तं गप्पा हाणून राहिल्या. तुमी मोजा अन मले आकडा द्या. बाकीचं मी पायतो."

अश्विनने दहा-दहा किलोची गाठोडी बांधून घेतली. एकेका बाईपुढं एक गाठोडं ठेवायचा, माझं बटण दाबायचा, आणि कापूस साफ झाला की पुन्हा दाबायचा. अरे बापरे, काय ते हात! नुसती बोटं पळत होती. कोणी मान वर करीना, कोणी पाणी पिईना. सगळ्यांत म्हाताऱ्या केशरबाईचं गाठोडंसुद्धा सोळा मिनिटांत झालं. दिवसभराची सरासरीही सोळाच आली. अश्विनने हिशेब मांडला. आठ तासांत एक बाई तीस गाठोडी निवडते, म्हणजे चाळीस क्विंटलला चौदा बाया पुरे. संध्याकाळी अश्विनच्या अकोल्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी शाबासकी दिली आणि अहवाल वामनरावांना गेला. मी खिशात ऐटीत टिकटिकत होतो.

दुसऱ्या दिवशी अश्विन सहीशिक्क्यासाठी पुन्हा जिनिंगात आला. चहाची वेळ होती. केशरबाईने कप उचलला आणि तो तिच्या हातातून सुटला. तिने दुसरा घेतला, दोन्ही हातांनी धरला, तरी चहा हिंदकळून लुगड्यावर सांडला. बोटं सुजून आली होती.

"काय झालं हो मावशी?" अश्विन खाली बसला.

"काई नाई बाबू. काल तुमी घडी लावून बसले होते न? मैनाबाईनं सकाळीच सांगतलं, दुरून सायब येऊन राहिले, बायाहो, पाहुण्यापुढं आपल्या जीनचं नाक कापू नोका. मंग पळवला आमी हात. रोज कोण एवढं पळवते?"

मैनाबाई म्हणजे या बायांची मुकादम. ती मागे उभी होती. तिने मोठ्या अभिमानाने विचारलं, "मंग, पहिला नंबर आला का नाई आमचा, सायब?"

अश्विनचा चेहरा पांढरा फटक पडला. बायांना वाटलं होतं की साहेब कौतुक करायला आले आहेत. घरी पाहुणा आला की हातचं राखायचं नाही, तशाच त्या कामाला भिडल्या होत्या. आणि तिकडे आपल्या खोलीत वामनरावांनी काढून टाकायच्या बारा जणींची यादी तयार ठेवली होती. वयानं थकलेल्या आणि यंदाच नव्याने लागलेल्या बाया त्यात होत्या. वर पहिलं नाव केशरबाईचं, खाली शेवटचं नव्या शालूचं. सही घेताना अश्विनने ती टेबलावर पाहिली होती, आणि उद्या सकाळी ती फाटकावर लागणार होती.

खरं सांगू? मला चीड आली, आणि ती माझीच आली. मी सोळा मिनिटं सांगितली होती आणि सोळाच झाली होती. पण ही रोजची सोळा आहेत की जीव तोडून काढलेली, हे तबकडीवर कुठं दिसतं! ते मोजणाऱ्याने डोळ्यांनी पाहायचं असतं. अश्विनने पाहिलं होतं फक्त माझ्याकडे.

तो तडक वामनरावांच्या खोलीत गेला. "मालक, यादी लावू नका. माझी मोजणी चुकली."

"आकडे खोटे हायेत?"

"आकडे खरे आहेत. पण तो वेग एका दिवसाचा आहे. रोज असं काम केलं तर आठवड्यात बाया आजारी पडतील."

वामनराव खुर्चीत मागे टेकले. "तुमाले बायांनी फितवलं, सायब."

त्यांनी तिथल्या तिथं टेबलावरून अकोल्याला फोन लावला आणि अश्विनच्या हाती दिला. फोनमधला आवाज मलाही ऐकू आला. पहिल्याच कामात माघार घेणार असशील तर दुसरं काम शोध, असं साहेब अश्विनला म्हणाले. अश्विनने मला खिशातच घट्ट धरलं.

"एक दिवस द्या," तो म्हणाला. "एकेक गाठोडं नाही, अख्खी पाळी मोजतो. तुम्ही समोर बसा."

"बसतो. पण एकही बाई कमी नाई झाली तं मी तुमच्या सायबाले लिहून देईन, पोट्टं बह्याड हाये, काई कामाचं नाई म्हून."

मित्रांनो, तिसरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. आठ वाजता अश्विनने माझं बटण दाबलं. आता पाच वाजेपर्यंत दाबायचं नाही, फक्त दुपारच्या जेवणाची सुट्टी वजा करायची, असं ठरलं. एकेक गाठोडं संपलं की माझ्याकडे बघून वहीत रेघ मारायची. आणि समोर खुर्ची टाकून बसले साक्षात मालक! मग काय विचारता? मालकांना पाहून बायांनी पदर खोचले आणि परवापेक्षाही जोरात हात चालवले. पहिलं गाठोडं पंधरा मिनिटांत. दुसरं पंधरा. वामनराव मिशीत हसत होते. "हळू करा" असं अश्विनला म्हणता येईना. म्हटलं असतं तर ती लबाडी झाली असती. तो ओठ चावत रेघा मारत होता, आणि मला माझा प्रत्येक सेकंद टोचत होता.

अकरा वाजता एका गाठोड्याला बावीस मिनिटं लागली. जेवणानंतर तीस. कोणी मनगट चोळत होती, कोणाची मान अवघडली होती. शालू बावीस-तेवीस वर्षांची, केशरबाईच्या शेजारी बसलेली. तिच्या रेघा मात्र सकाळपासूनच कमी पडत होत्या. तीन वाजता एका गाठोड्याला अडतीस मिनिटं लागली. वामनरावांचं हसू कधीच गेलं होतं. आणि तेवढ्यात माझाच जीव जायला लागला. माझी स्प्रिंग सैल पडली, काटा अडखळू लागला. अश्विन वहीत मान घालून बसलेला. थांबलो असतो तर सगळी मोजणी पाण्यात!

"अहो सायब, तुमची घडी मरून राहिली!" वामनराव ओरडले. त्यांनी स्वतः उठून मला उचललं आणि करकर करत चाबी भरली. माझ्या अंगात जीव आला.

केशरबाई कापसातून मान वर न काढता म्हणाली, "घडीले चाबी भरता न, मालक? मंग आमाले बी पाच मिनिटं पाठ टेकू द्या."

वामनरावांनी मला जपून स्टुलावर ठेवलं. "टेका," ते म्हणाले. "दहा मिनिटं टेका." बाया भिंतीला टेकल्या, पाणी प्यायल्या. अश्विनने मला थांबवलं नाही. तो आराम त्याने कामाच्याच वेळेत धरला.

पाच वाजले. एकूण चारशे सोळा गाठोडी झाली होती, म्हणजे बाईमागे सोळा. चाळीस क्विंटलला पंचवीस बाया लागतात. वामनरावांनी बारा नावांची यादी खिशातून काढली आणि फाडली. मग म्हणाले, "तरी एक बाई जास्त होते. सगळ्यात कमी कोणाचं?"

अश्विनने वही पाहिली. त्याचा आवाज खाली गेला. "शालू. नऊ."

शालूने मान खाली घातली आणि पदराला चिकटलेला कापूस काढत बसली.

तेव्हा केशरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "सायब, माह्यापुढं किती लिहिले?"

"चौदा, मावशी."

"त्यातले सहा शालूचे. माहा हात थकला की हे पोरगी माह्या गाठोड्यात हात घालते. परवा बी घातला होता, म्हून माहे सोळा मिनिटं झाले. माह्यापुढं आठ लिहा अन तिच्यापुढं पंधरा."

"मावशी वो!" शालू रडायलाच लागली. "कावून सांगतलं?"

वामनरावांनाही राहवलं नाही. "गप्प राहिली असती तं तुहं काम राहिलं असतं, केशरबाई."

"अकरा जणींचं काम खऱ्या मोजणीनं राहिलं न, मालक? मंग माहं खोट्यानं कायले ठेवता? लिहा, सायब."

अश्विनने लिहिलं. लिहिताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

वामनरावांनी आता पाळीत दोनदा दहा मिनिटांचा आराम ठेवला आहे. अश्विनची नोकरी टिकली. केशरबाईचं काम मात्र गेलं, आणि तिला कोणी परत बोलावलं नाही. खरं मोजलं की सगळ्यांचं भलं होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला ते खोटं बोलता येत नाही.

माझी काच आता तडकली आहे, पण अश्विन मला सोडत नाही. कुठंही गेला तरी पहिले दोन दिवस तो मला बाहेर काढतच नाही. लोकांशेजारी बसतो, त्यांच्याबरोबर चहा पितो, कोण कोणाच्या गाठोड्यात हात घालतं ते पाहतो. मित्रांनो, उद्या तुम्हीही कोणाचं ना कोणाचं काम मोजाल. मोजा, जरूर मोजा. पण माझं बटण दाबण्याआधी समोरच्या माणसाचे हात एकदा नीट पाहून घ्या, एवढी या म्हाताऱ्याची विनंती आहे.

आणि हो, त्या संध्याकाळी माझं बटण दाबायचं अश्विन विसरला होता. मी चालूच होतो. शालूचं नाव वाचल्यापासून केशरबाई उठून उभी राहीपर्यंत चार सेकंद गेले.