वन्संचा उजवा हात

जगाच्या नकाशात सगळ्यात खाली जो पांढरा पट्टा असतो, त्यावर छापखानेवाले हमखास आपला पत्ता टाकतात. वन्संनी नकाशांच्या छापखान्यात किनारे रेखण्यात उभी हयात घालवली. आपण जीव ओतून काढलेल्या बर्फाच्या किनाऱ्यावर दर आवृत्तीला मालकाचा पत्ता आणि फोन नंबर बसलेला त्यांनी पाहिला. कधीतरी तिथे जायचं आणि त्या पत्त्याखाली काय आहे ते बघायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

नोकरी संपल्यावर त्यांनी बर्फाच्या समुद्रात जाणाऱ्या जहाजाची दोन तिकिटं काढली. दुसरं धाकट्या भावासाठी होतं. भाऊ म्हणाला, "मला जहाजाच्या चित्रानेसुद्धा मळमळतं. हिला ने."

ही म्हणजे त्याची बायको, वन्संची भावजय. ती शाळेचे गणवेश शिवायची आणि भर उन्हाळ्यात पंखा लावला तरी शाल शोधायची.

"वन्सं, मला थंडी सोसत नाही हो."

"तिथे गेल्यावर सवय होईल," वन्सं म्हणाल्या आणि विषय संपला. वन्सं बोलल्या की विषय संपतो, हे भावजयीला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

जहाज बर्फापाशी पोहोचलं. किनाऱ्यावर जायचं तर जहाजाच्या बाजूच्या शिडीवरून रबरी होडीत उतरावं लागे. त्याआधी सगळ्यांचे खिसे झाडून घेत, बाहेरचं बी-बियाणं बर्फावर जायला नको म्हणून. भावजयीच्या खिशांतून इतके दोरे निघाले की झाडणारी मुलगी म्हणाली, "आजी, यात एक स्वेटर होईल."

पहिल्या दिवशी होड्या निघाल्या तेव्हा वन्सं म्हणाल्या, "डोकं दुखतंय. तू जा." भावजय कशाला जाते? दुसऱ्या दिवशी वन्संची पाठ धरली. दोघी कठड्याशी उभ्या राहिल्या. लोक पेंग्विनांमध्ये ठिपक्यांएवढे दिसत होते. वन्सं दुर्बीण डाव्या हातात धरून बघत होत्या. उजवा हात खिशात होता. तो जहाजावर चढल्यापासून खिशातच होता.

आता एकच उतरणं उरलं होतं. शिडीच्या तोंडाशी जहाजाची डॉक्टरीण उभी राहायची आणि प्रत्येकाची चाल बघायची. जो डळमळेल त्याला ती मागे फिरवायची. एका धडधाकट दिसणाऱ्या गृहस्थाला तिने परत पाठवलेलं वन्संनी पाहिलं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी वन्सं पलंगावर बसून म्हणाल्या, "आज गुडघा..."

"गुडघा राहू दे," भावजय म्हणाली. "हात थरथरतो ना तुमचा?"

वन्संनी गोल खिडकीकडे बघितलं. बाहेर बघण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्या काही बघत नव्हत्या.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? वर्षभर तुम्ही अर्धाच कप चहा मागताय. आणि तुमच्या सदऱ्यांची बटणं काढून मी चिकटपट्ट्या लावल्या, ती काय फॅशन वाटली तुम्हाला?"

"मला वाटलं, तुला बटणं पुरत नाहीत."

"चाळीस वर्षं गणवेश शिवतेय मी!"

वन्संना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. "या हाताने मी अख्ख्या पृथ्वीच्या कडा काढल्या गं. केसाएवढी रेघ. आता सही करायला गेले तर बँकेतला पोरगा म्हणतो, घरातल्या कुणाला तरी घेऊन या." त्यांनी हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. तो आपला आपण हलत राहिला. "डॉक्टरणीने बघितलं तर ती मला उतरू देणार नाही. तिने नाही म्हणावं, त्यापेक्षा मीच जात नाही."

"लोकांची झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची मूठ झाकलेली राहिली तर नुसतं तिकीट वाया. उठा."

"मला हुकूम करतेस?"

"करते. थंडीने डोकं फिरलंय माझं."

वन्सं उठल्या. भावजयीने त्यांच्या जाकिटाची चेन वर ओढली, बूट चढवले आणि त्यांचा हातमोजा पुढे धरला. वन्संनी त्यात हात घातला खरा, पण शिडीपाशी रांगेत उभ्या राहिल्यावर तो हळूच पुन्हा खिशाकडे जायला लागला. भावजयीने कोपराने ढोसलं.

डॉक्टरणीचं लक्ष गेलंच. "हात थरथरतो का तुमचा?"

मागे रांग होती. लोक ऐकत होते. वन्संनी एकदा भावजयीकडे बघितलं.

"थरथरतो," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. पाय ठीक आहेत."

"इथून तिथवर चालून दाखवा."

वन्सं चालल्या. जन्मात कधी चालल्या नसतील इतक्या सरळ चालल्या.

"इथे पंजा धरत नाहीत," डॉक्टरीण म्हणाली. "खलाशी तुमचं मनगट धरेल, तुम्ही त्याचं धरायचं. जमेल?"

वन्संनी तिचंच मनगट धरून दाखवलं. डॉक्टरणीने आपलं मनगट सोडवून घेतलं आणि चोळलं. "जा," ती म्हणाली. "त्याचं जरा बेतानं धरा."

वन्सं शिडी उतरल्या. खलाशाने मनगट धरलं आणि एका दमात त्या होडीत बसल्या. भावजय वरून बघत होती. इतका वेळ तिला फक्त वन्संची काळजी होती. आता स्वतःची पाळी आली आणि शेवटच्या पायरीवर तिचे पाय खिळले. होडी वर यायची, टेकल्यासारखी वाटायची आणि लगेच दोन हात खाली जायची. मध्ये पाणी होतं, काळं आणि नुसतं बघूनच हुडहुडी भरेल असं.

"नको," ती म्हणाली. "वन्सं, तुम्ही जाऊन या. मी वरच बरी."

"भावजयबाई, नखरे पुरेत!"

"नखरे नाहीत हो. खरंच भीती वाटतेय."

एका बाजूने खलाशाने हात पुढे केलाच होता. दुसऱ्या बाजूने वन्संनी जागेवरूनच हात लांब केला. मोजा घातलेला तो हात सगळ्यांसमोर थरथरत होता. होडीतले दोघे-तिघे त्याच्याकडे बघत होते. वन्संनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"हलतोय," भावजय म्हणाली.

"हलू दे. होडीही हलतेय. मनगट धर."

भावजयीने धरलं आणि पाऊल टाकलं. ती पडली ती थेट वन्संच्या मांडीत. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. होडी जहाजापासून सुटली, थंड पाण्याचे तुषार अंगावर आले, तरी दोघींनी एकमेकींची मनगटं सोडली नव्हती.

"उतरताना पुढे कोण?" भावजयीने विचारलं.

"तू," वन्सं म्हणाल्या. "मी मागून ढकलते."